आजींच्या ओव्या आणि गटाचा संगणक

आमच्या गटाच्या खोलीत एक जुना संगणक आहे, हिशेबासाठी घेतलेला. गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या होत्या, त्या बैठकीत लावल्या. तर आधी नुसतं घूंऽऽ आणि मागून आजी, पत्र्याच्या डब्यात बसून गातात तशा. त्यांच्या सूनबाईंचा चेहराच उतरला. "आत्याबाईंचा आवाज असा नव्हता हो."

दुकानदार म्हणाला, नवे स्पीकर घ्या. पैसे गटाचे. आम्ही म्हटलं, आधी आहे ते तर तपासू.

स्पीकरची पिन संगणकाच्या पुढच्या भोकात होती. तिथून वायर डब्याच्या आतून लांबवर जाते आणि वाटेतली खरखर उचलते. पिन मागच्या हिरव्या भोकात घातली, खरखर गेली. घूं मात्र तसंच. संगणकाचा प्लग एका भिंतीला, स्पीकरचा दुसऱ्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला की तो आवाजाच्या वायरीतून वाहतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतले आणि खोली शांत झाली. कुणी सांगेल, अर्थिंगची तिसरी पिन तोडा, घूं जातं. जातं खरं, पण शॉक बसू शकतो, तोडू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा, घूं कुठून येतं ते लगेच कळेल.

मग साउंडच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट' बंद केलं. ते गाण्यांना धमक आणायला असतं, ओवीला काय करायचंय? काही प्लेअरमध्ये आवाज शंभराच्या वर नेता येतो, तिथे तो फाटतो. शंभरावर थांबलो आणि बाकीचा स्पीकरच्या बटणाने वाढवला.

तरी डबा राहिलाच. विचारल्यावर उलगडलं: कुणीतरी ओव्या एका फोनवर वाजवून दुसऱ्या फोनवर व्हॉइस मेसेज केल्या होत्या, आणि आमच्याकडे आल्या त्या ह्याच. असा एकदा गेलेला आवाज कुठल्याच सेटिंगने परत येत नाही. मूळ फाईल नातीच्या जुन्या फोनमध्ये निघाली, केबल लावून उतरवली.

परवा लावली, तर जात्याची घरघर आली, बांगड्याही वाजल्या. सूनबाई म्हणाल्या, "दुसऱ्या ओवीला थांबल्यात ना, तेव्हा मी पाणी दिलं होतं." आता ती फाईल दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, एक गटाच्या पेटीत, एक त्यांच्या घरी.