मोजकी शिदोरी

(हीरक महोत्सवी वर्षात विज्ञानदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शार्क म्हटला की डोळ्यांपुढे जबडा येतो. अंडे येत नाही. वस्तुतः शार्कच्या अनेक जाती अंडी घालतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील एपॉलेट शार्क त्यांपैकीच एक. मीटरभराहून आखूड असा हा मासा ओहोटीच्या उथळ पाण्यात आपल्या परांवर चालतो. त्याची मादी चिवट कोशात अंडे घालते आणि निघून जाते. पुढचे सुमारे चार महिने भ्रूणाला ना राखण, ना बाहेरचे अन्न. आईने बरोबर दिलेला बलक हीच त्याची शिदोरी. कालांतराने कोशाला बारीक फटी पडतात. मग तो चिमुकला जीव शेपटी हलवून ताजे पाणी आत खेळवतो.

बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियममध्ये या अंड्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. २७ अंश सेल्सिअसला पिल्ले सुमारे १२५ दिवसांनी बाहेर आली. ३१ अंशांना सुमारे १०० दिवसांतच. घाईलाच प्रगती समजणाऱ्या काळात ही वार्ता शुभ वाटण्याचा संभव आहे. परंतु उष्णतेने भ्रूणाचा चयापचय वाढला होता, शिदोरी लवकर सरली होती. पिल्ले चणीने लहान आणि शक्तीने उणी निघाली. त्यांना जवळजवळ जन्मतःच अन्न शोधणे भाग पडले.

उष्णतेच्या जोडीला आम्लीकरण आहे. मानवाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चतुर्थांश समुद्र शोषून घेतो आणि त्याच्या पाण्याचा सामू उतरतो. समुद्र लिंबाच्या रसासारखा आंबट होतो, असे मात्र नव्हे. तो अल्कधर्मीच राहतो, केवळ पूर्वीपेक्षा कमी. पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी बांबू शार्कची अंडी ३० अंशांच्या आणि सामू अर्ध्या एककाने उतरलेल्या पाण्यात वाढवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जन्मल्यावर महिन्याभरातच ४० टक्क्यांहून अधिक पिल्ले दगावल्याचे आढळले.

मोठा मासा थंड पाण्याकडे पोहून जाऊ शकतो. कोश मात्र जिथे ठेवला तिथेच राहतो. एपॉलेट शार्क तर चिवटपणाबद्दल प्रसिद्ध. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तो काही काळ तग धरतो. त्याच्या अंड्याची ही अवस्था. बांबू शार्कचे भाऊबंद आपल्या अरबी समुद्रातही आहेत, आणि तेही असेच कोश पाण्यात सोडून जातात.