भाट, खाजन आणि तर : चोपड्याच्या जमिनीची भाषा



मला ‘गाव आणि भाषा’ हा विषय दिला होता. मी तो आवळून माझ्या गावापुरता, चोपड्यापुरता केला आहे. गावात माणसे राहतात कशी, जमीन कोणाची आणि यायची-जायची वाट कोणती, या तीन गोष्टींबद्दल मी बोलणार आहे. या तिन्ही गोष्टी शब्दांवर उभ्या आहेत, आणि शब्द हातचे गेले तर घरही हातचे जाऊ शकते, एवढेच मला सांगायचे आहे.

चोपडे हे शापोरा नदीच्या पेडणे महालाकडच्या काठावरचे गाव. ही नदी सह्याद्रीतून येते तेव्हा तिळारी असते. दोडामार्गातून गोव्यात उतरते आणि समुद्राला मिळते ती शापोरा होऊन. समोरच्या काठावर बार्देशातले शिवोली. आज पुलावरून जाणाऱ्याला मधले पाणी जेमतेम दिसते. आमच्या लहानपणी ते पाणी म्हणजे एक सरहद्दच होती, आणि तिला इतिहासही होता. बार्देश पोर्तुगीजांकडे गेले १५४३ साली. पेडणे गेले सावंतवाडीकरांकडून १७८८ साली. म्हणजे एका तीरावर पोर्तुगीज राज्याची सव्वाचारशे वर्षे, तर दुसऱ्या तीरावर पावणेदोनशे. होडीत पाय ठेवला की माणूस नव्या काबिजादीतून जुन्या काबिजादीत जाई.

या वाटेचा शब्द ‘तर’. बोलीत आम्ही ‘तार’ म्हणतो. शिवोलीत ‘तारची भाट’ म्हणून वाडाच आहे. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. बाया पहाटेच भाजीच्या आणि सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन तरीवर येत. आधी होडी, मग गाशोलीन, मग फेरीबोट, अशी साधने बदलली. वाट बघणे मात्र तसेच राहिले. रात्री कोणी आजारी पडले आणि बोट पलीकडच्या काठाला असली, तर काठावर उभे राहून हाक मारायची. वारा समुद्राकडून असला तर हाक पोचत नसे. माझ्या आजीच्या बोलण्यात ‘तर चुकली’ म्हणजे वेळ गेली, उपाय संपला. हा वाक्प्रचार मी कोणत्याही कोशात पाहिलेला नाही. पण तो तिने कमावलेला होता.

आता जमिनीकडे येतो. आमच्याकडे जमिनीला नुसते जमीन म्हणून चालत नाही. डोंगरउतारावरची, केवळ पावसावर पिकणारी ती मोरड. मधली वाळूमिश्रित ती केर. खाडीच्या काठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ती खाजन. आणि माडांची ती भाट. भाटीचा मालक तो भाटकार. त्याच्या संमतीने तिथे घर करून राहिलेला तो मुंडकार. शेत कसणारा तो कूळ. एका कुटुंबात एकच माणूस एकाचा मुंडकार आणि दुसऱ्याचा कूळ असू शकतो. हे नाते ‘भाडेकरू’ या शब्दात मावत नाही. म्हणूनच १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा कायद्यालाही ‘मुंडकार’ हाच शब्द घ्यावा लागला. त्याआधी १९६४ साली कुळांसाठी कायदा झाला होता आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी देऊ केली.

या कायद्यांचा कागद म्हणजे ‘एक-चौदाचा उतारा’. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या कपाटात तो असेल, पण सावकाश वाचलेला थोड्यांनीच. छापील नमुन्यावर देवनागरीत मथळे आहेत : शेताचे नाव, जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड, कुळाचे नाव, इतर हक्क. यातली ‘तरी’ होडीची नव्हे. तरी म्हणजे भातशेती. आमच्या मातीचे सगळे वर्ग या एका कागदावर आहेत. मात्र त्या मथळ्यांखालचा मजकूर भरला गेला तो रोमी लिपीत.

त्याने काय होते ते सांगतो. आमच्या शेजारी एक विधवा काकी राहत. सासऱ्यांच्या काळापासूनचे घर, पुढे तुळस, मागे चार माड. पूल झाला, मोरजी-हरमलकडे जाणारी वर्दळ आमच्या दारावरून सुरू झाली आणि भाटकाराने ती भाट बाहेरच्या माणसाला विकली. त्याची माणसे मोजणीला आली तेव्हा काकींनी पत्र्याची पेटी उघडून तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या पुढे ठेवल्या. “मी दर वर्षी पैसे भरलेत, घर माझे,” त्या म्हणाल्या. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की घरपट्टी हा पंचायतीचा कर आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मुंडकार म्हणून नोंद करायची असते हेही त्यांना ठाऊक नव्हते.

उताऱ्यात ‘इतर हक्क’चा रकाना कोरा. शेताच्या नावात रोमी लिपीतला एक शब्द. समोरच्या माणसाने तो वाचला ‘भात’. म्हणाला, “ही भातशेती. भातशेतीत जुने घर कुठून आले? मागाहून बांधलेले दिसते.” काकी म्हणत होत्या ‘भाट’. रोमी लिपीत ट आणि त यांना एकच अक्षर. भाट आणि भात, माड आणि चिखल, एका अक्षरात बुडून गेले. मला कागद वाचता येतात म्हणून काकींनी तो उतारा माझ्याकडे आणला. मीही दोनदा ‘भात’च वाचले, हे इथे कबूल करतो. तिसऱ्या वेळी वरचे मथळे पाहिले. क्षेत्र ‘तरी’च्या रकान्यात नव्हतेच; सगळे ‘बागायत’मध्ये होते. म्हणजे जागा माडांचीच. मागच्या चार माडांची उंचीही तेच सांगत होती.

तेवढ्याने काम झाले नाही. साक्षी झाल्या, जागेची पाहणी झाली, तारखा पडत गेल्या. पण ‘मागाहून बांधलेले घर’ हा मुद्दा तिथेच ढिला झाला. भाटकार बदलला म्हणून मुंडकाराचा हक्क जात नाही, हे कायद्याचे म्हणणे काकींना ऐकू आले ते त्यानंतर. खेड्यातल्या मुंडकाराला घरासह तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते, हेही. आज त्या त्याच घरात आहेत.

खाजनाची गोष्टही शब्दांचीच आहे. आमचा आगरवाडा-चोपड्याचा पट्टा पाण्याला लागून. ‘आगर’ म्हणजे बागही आणि मिठागरही. आगरवाड्याची मिठागरे पाहिलेल्या माणसाला तिथे कोणता अर्थ घ्यायचा ते सांगावे लागत नाही. खाजनाच्या बांधात ‘मानस’ असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी झडप बाहेरून दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते. माणूस नसला तरी ते दार आपले काम करते. पण बांधाला मात्र माणूसच लागतो. पूर्वी बांध राखणे ही सगळ्यांची जबाबदारी असे आणि मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न तिला उपयोगी पडे. जमीन कुळांकडे आल्यावर ही जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. अनेक ठिकाणी लिलाव उरला आणि बांध मात्र विसरला गेला. मासळीसाठी मानस उघडी ठेवली की खारे पाणी आत येते. खारेपणा सोसणारा कोरगूट भातही शेवटी हार मानतो, आणि पडीक शेताला गिऱ्हाईक लवकर मिळते.

असे सामाईक पाणी राखणारे आपण एकटे नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटावर भातखाचरांचे पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकरी-मंडळ्या वाटतात. देवळातल्या उत्सवांशी त्यांचे वेळापत्रक जोडलेले असते. २०१२ साली युनेस्कोने सुबकचा परिसर जागतिक वारशात घेतला, आणि ‘सुबक’ हा शब्द भाषांतर न करता तसाच राहिला. तिथेही पर्यटनाने शेतांवर दाब आणला आहे. शब्द जपल्याने शेत वाचतेच असे नाही. पण आपण काय गमावतो आहोत हे निदान नाव घेऊन सांगता येते.

पेडणे आता दूर राहिलेले नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली; जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली. मी याविरुद्ध नाही. रात्री काठावर उभे राहून हाक मारलेल्या माणसाला पूल नको असे म्हणवत नाही. मात्र एके काळी नदीने आम्हाला अडवले होते, तसे बाहेरच्या पैशालाही अडवले होते. ती अडचण गेली तेव्हा आमच्या हातात कागद होते, आणि ते वाचण्याची सवय नव्हती.

म्हणून अकादमीला दोन विनंत्या करतो. पेडणे आणि डिचोलीतल्या शेतांची, वाड्यांची, बांधांची, मानशींची आणि तरींची नावे देवनागरीत, ट-त आणि ल-ळ यांचा भेद राखून, गावोगावच्या जुन्या माणसांच्या तोंडून लिहून घ्यावीत. आणि एक-चौदाचा उतारा कसा वाचावा, यावर साध्या मराठीत एक पातळशी पुस्तिका काढावी. शब्दकोश विद्वानांच्या उपयोगी पडतात; ही पुस्तिका पत्र्याच्या पेटीत, घरपट्टीच्या पावत्यांशेजारी राहील.

हे काम सांगणारी माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. आजीच्या भाषेत सांगायचे, तर अजून चुकलेली नाही.