एकशे एकाहत्तरावा



पत्रिकेतला विषय वाचून काल एका स्नेह्यांनी विचारलं, "फुटबॉलवर बोलणार, मग मेस्सीवर का नाही?" म्हणून आधीच सांगून टाकतो. आजचा फुटबॉल अमेरिकेतला आहे. त्यात चेंडू लांबट असतो आणि पायाचा संबंध अधूनमधूनच येतो. आणि मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो खेळाडू त्या लांबट चेंडूलाही फारसा हात लावत नसे.

नोकरीनिमित्त मी बारा-तेरा वर्षं बाल्टिमोरला काढली. तिथला संघ रेव्हन्स, म्हणजे डोमकावळे. एडगर ॲलन पो याचं थडगं या गावात आहे आणि संघाचं नाव त्याच्या कवितेवरून पडलंय. कवितेवरून नाव ठेवलेला संघ आणि त्यात एकमेकांच्या छातीवर आदळणारी दीडदीडशे किलोंची माणसं, हा मेळ मला शेवटपर्यंत गमतीचा वाटत राहिला.

२ मे २०१५, शनिवार. मी केस कापायला गेलो होतो. गावात तो आठवडा फार वाईट गेला होता. फ्रेडी ग्रे नावाचा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मरण पावला होता, त्यानंतर जाळपोळ झाली, रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी लागली. बुधवारी बेसबॉलचा सामना एकाही प्रेक्षकाविना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला गेला. दुकानात जो तो त्यावर बोलून बोलून थकला होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर ड्राफ्ट चालू होता, आणि सगळ्यांना काहीतरी दुसरं बोलायला हवंच होतं.

ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली नाही, फक्त पाळी. गेल्या वर्षी जो संघ सर्वांत खाली राहिला त्यानं कॉलेजच्या खेळाडूंतून पहिला निवडायचा, मग त्याच्या वरच्यानं, असं करत बत्तीस संघ आणि सात फेऱ्या. खेळाडूला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही. १९३६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ही पद्धत सुरू झाली. त्या वर्षी सर्वांत आधी निवडला गेला जे बर्वँगर, आणि तो व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. पहिल्याच पावलाला अशी ठेच लागूनही अमेरिकन माणसाची ड्राफ्टवरची श्रद्धा ढळलेली नाही.

पहिली फेरी गुरुवारी रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. चौथी ते सातवी शनिवारी दिवसभर, आणि तोवर टीव्हीवरचे सूटवालेही जांभया देत असतात. त्या वर्षी २५६ खेळाडू निवडले गेले. पाचव्या फेरीत, १७१व्या क्रमांकावर, रेव्हन्सनी निक बॉयल याला घेतलं. डेलावेअर विद्यापीठाचा, म्हणजे शेजारच्याच राज्यातला. जागा टाइट एंडची. गुण: ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्याला अडवणं. धावण्यात मंद.

दुकानात एक बसड्रायव्हर होता, तिशीचा. तो खुर्चीतून निम्मा उठलाच. "अजून एक टाइट एंड?"

त्याचा संताप समजून घ्यायचा तर आदल्या रात्री जावं लागेल. दुसऱ्या फेरीत, ५५व्या क्रमांकावर, रेव्हन्सनी मॅक्स विल्यम्स नावाचा टाइट एंड घेतला होता. तो झेल घेणारा. बचावपटूंवरून उडी मारून पळतानाची त्याची चित्रफीत गावभर फिरत होती. वर आदल्या वर्षी तिसऱ्या फेरीत घेतलेला क्रॉकेट गिलमोर संघात होताच, तोही धिप्पाड अडवणारा. मग हा तिसरा कशाला? ड्रायव्हरचं म्हणणं साधं होतं. असला गडी ड्राफ्ट संपल्यावर फुकट मिळतो. ज्यांना कुणी निवडत नाही त्यांना दुसऱ्या तासाला फोन करायचा. पाचवी फेरी एखाद्या पळणाऱ्या कॉर्नरबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, खर्च करायची, दहातला एक निघतो.

मला त्याचं पटलं. त्याच्याकडे हिशेबही होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या संघानं प्रत्येक क्रमांकाची किंमत ठरवणारा एक तक्ता केला, त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण. १७१व्याला तीसही भरत नाहीत. तीससुद्धा नसलेल्या वस्तूवर दोन मोठी माणसं अर्धा तास हमरीतुमरीवर आली, याचं मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही. पहिल्या फेरीबद्दल आपण टीव्हीनं शिकवलेलंच बोलतो. पाचव्या फेरीबद्दल टीव्ही काही शिकवत नाही, तिथे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं की हा खेळ मुळात कशाचा बनलेला आहे.

वाद घालणारा दुसरा होता एक म्हातारा. स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात आयुष्य गेलेला, तो कारखाना २०१२ साली बंद पडला. त्यानं विचारलं, "संघ कोण चालवतो रे?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: ऑझी न्यूसम. न्यूसम स्वतः टाइट एंड, क्लीव्हलँडकडून खेळताना ६६२ झेल घेतलेला, हॉल ऑफ फेममध्ये बसलेला. "सहाशे झेल घेतलेला माणूस न झेलणाऱ्याला निवडतो," म्हातारा म्हणाला, "म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय."

ड्रायव्हर म्हणाला, "वय झालंय त्याचं."

आता टाइट एंड म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी मजा तिथे आहे. हल्ला करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत मधोमध पाच भिंती उभ्या असतात. त्यांना पास झेलता येत नाही, नियमच तसा. त्यांच्या कडेला चिकटून उभा राहतो तो टाइट एंड. त्याला भिंतही होता येतं आणि पळत जाऊन झेलताही येतं. पाच माणसांच्या रांगेत फटी ठरावीक असतात आणि बचाव करणारे त्या वाटून घेतात. सहावा येऊन उभा राहिला की आणखी एक फट तयार होते आणि समोरच्याला तिथे एक माणूस पाठवावा लागतो. तो माणूस मैदानाच्या दुसऱ्या कुठल्यातरी भागातून कमी होतो. चेंडू अजून हललेलाही नसतो.

मग अडवायचं कसं? हात पुढच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला. बाहेरून जर्सी धरली तर दहा यार्डांची शिक्षा. पाय थांबवायचे नाहीत, बारीक बारीक पावलं टाकत राहायची, ढुंगण खाली, पाठ ताठ. समोरचा तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस किलो जड असू शकतो, पण तुम्ही त्याच्याखाली शिरलात तर तो हलतो. आखाड्यात उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ड्रायव्हरनं चांगला प्रश्न काढला होता: मग सहावी भिंतच आणा ना, त्यासाठी टाइट एंड कशाला? पण नियम असा की भिंतीचा नंबर घातलेला माणूस त्या जागी उभा राहणार असेल तर आधी पंचांना तसं सांगावं लागतं आणि पंच ते समोरच्या संघाला कळवतात. म्हणजे "आम्ही आता जोर लावणार" अशी दवंडीच. टाइट एंड मात्र गुपचूप उभा असतो. तो शंभरात नव्वद वेळा अडवेल, पण उरलेल्या दहा वेळा पळून जाईल या भीतीनं एक बचावपटू त्याच्यावर डोळा ठेवून अडकलेला राहतो.

इथे मला एकनाथ सोलकर आठवतात. बेदी-चंद्रशेखर यांच्या गोलंदाजीवर फलंदाजाच्या पोटाशी, शॉर्ट लेगला, शिरस्त्राण नसलेल्या काळात उभा राहणारा हा माणूस. २७ कसोटींत ५३ झेल. पण बघा, सोलकरांचं नाव धावफलकावर येतं, विकेटच्या शेजारी "झे. सोलकर" असं. ब्लॉकिंग टाइट एंडसाठी वर्तमानपत्राच्या तक्त्यात रकानाच नाही. धाव घेणाऱ्याच्या नावापुढे यार्ड लिहितात, फेकणाऱ्याच्या नावापुढे लिहितात, झेलणाऱ्याच्याही. याच्या नावापुढे काही लिहिलं जातं ते त्यानं जर्सी ओढली तेव्हाच. हल्ली प्रत्येक खेळीला गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्यात, पण माणूस बारमध्ये बसून गुणांवर भांडत नाही, आठवणींवर भांडतो.

बॉयलची सुरुवात काही शोभादायक झाली नाही. निषिद्ध औषधांमुळे पहिल्या दोन वर्षांत दोनदा बंदी आली. ड्रायव्हर त्या काळात दुकानात फार खुशीत असे. म्हातारा गप्प. एकदा मात्र तो मला म्हणाला, "तू चेंडूकडे बघतोस. एक सामना ८६ नंबरकडे, बॉयलकडे बघ."

टीव्हीवर ते जमत नाही, कॅमेरा चेंडूमागे धावतो. म्हणून मी स्टेडियमचं सर्वांत वरचं, सर्वांत स्वस्त तिकीट काढलं. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, पण सगळी दिसतात. पहिला अर्धा तास मला कंटाळा आला, खोटं कशाला सांगू. मग एका खेळीत ८६ नंबर समोरच्या गड्याला न अडवता त्याच्या बाजूनं निघून गेला. मला वाटलं, चुकला. पण तो मागच्या बचावपटूवर, लाइनबॅकरवर गेला होता. सोडलेला गडी मुद्दाम सोडलेला होता. तो इकडे वळला तर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, चेंडू तिकडे देणार, तिकडे वळला तर स्वतः घेऊन पळणार. एक माणूस अडवल्याशिवायच बाद. त्यानंतर मी सामने पुन्हा पूर्वीसारखे पाहू शकलो नाही.

२०१८च्या ड्राफ्टमध्ये, न्यूसम यांच्या शेवटच्या ड्राफ्टमध्ये, क्वार्टरबॅक लामार जॅक्सन ३२व्या क्रमांकावर आला. त्याच वेळी आणखी दोन टाइट एंड घेतले: हेडन हर्स्ट पहिल्या फेरीत, मार्क अँड्र्यूज तिसऱ्या. बॉयल तिथेच होता. आणि २०१९ साली या संघानं धावून ३,२९६ यार्ड काढले. १९७८ पासूनचा विक्रम होता ३,१६५चा, तो मोडला. चौदा सामने जिंकले, दोन हरले. पळाला जॅक्सन, पळाला मार्क इंग्रम. अँड्र्यूजनं झेलले. आणि बॉयल काय करत होता ते मी वर सांगितलंय.

३ नोव्हेंबर २०१९ची रात्र. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स, आठही सामने जिंकून आलेले. गोलरेषेजवळ बॉयलनं छोटा पास झेलला आणि आत शिरला. पाचव्या हंगामात, कारकिर्दीतला पहिला टचडाऊन. सामना ३७–२० असा जिंकला. दुसऱ्या शनिवारी ड्रायव्हरनं दुकानात आल्या आल्या म्हाताऱ्यासमोर टोपी काढली. पण लगेच म्हणाला, "तरी माझं खरं होतं." आणि तेही खोटं नव्हतं. त्याच संघात पॅट्रिक रिकार्ड नावाचा फुलबॅक होता, तसाच अडवणारा, तसाच भक्कम. त्याला ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलं नव्हतं. तो फुकटच मिळाला होता.

मॅक्स विल्यम्सचं काय झालं? चार वर्षांनी तो ॲरिझोनाला गेला आणि तिथे त्याचं नाव झालं ते चांगला अडवणारा म्हणून.

नोव्हेंबर २०२०मध्ये न्यू इंग्लंडमध्येच, भर पावसात, बॉयलचा गुडघा गेला. त्यानंतर तो पूर्वीसारखा कधी खेळला नाही.

मी परतलो २०२२ साली. निघण्याआधी एका शनिवारी शेवटचे केस कापायला गेलो, तर टीव्हीवर पुन्हा ड्राफ्ट. चौथ्या फेरीत रेव्हन्सनी दोन टाइट एंड घेतले, १२८व्या क्रमांकावर चार्ली कोलर आणि १३९व्यावर आयझाया लाइकली. पडद्यावर लाइकलीचे झेल एकामागून एक दाखवत होते. ड्रायव्हर खुर्चीत होता, गालाला फेस लावलेला.

"ते सगळं ठीक," तो म्हणाला. "पण हा अडवतो का?"

न्हावी म्हणाला, "आधी घेतलाय की एक, साडेसहा फुटी."

"तोही झेलणाराच," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यानं मान पुन्हा मागे टाकली.