पूर वरून येतो

ऑगस्ट २०२० अखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेनं भंडारा जिल्ह्यात थैमान घातलं. म्हणजे जिल्ह्यातल्या तुमसरात ऊन असलं तरी नदी फुगू शकते. पुराच्या तयारीला मोठा खर्च नको. दर आठवडी बाजारात एखादीच वस्तू जास्तीची घ्या. मुरमुरे, फुटाणे, गूळ, काडेपेटी. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा मात्र आजच जाड प्लास्टिकमध्ये बांधा. कागद भिजले की कचेरीच्या चकरा ठरलेल्या. पुराच्या दिवसांत जुलाब झाल्यास लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८. हे नंबर भिंतीवर लिहा, मोबाइलची बॅटरी नेमकी गरजेच्या वेळीच संपते.