उडणारा सुपरमॅन आणि पन्नीतला खर्रा

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. ते ऐकून एक काकू मला म्हणाल्या, "ताई, रेडिओवर तरी वह्या सोड वो. एखाद्या सिनेमाचं सांग." म्हणून आज सिनेमाचं सांगते. शेवटी वही येईलच, तिला माझा इलाज नाही.

मे महिन्यातला रविवार. एका ताईच्या घरी गटाची बैठक होती. बैठक आटोपली, पण बाहेर नागपूरचं ऊन. कुणी उंबरठा ओलांडायला तयार नव्हतं. कूलरसमोर आम्ही सतरा जणी दाटीवाटीनं बसलेल्या. त्या ताईच्या मुलीनं मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "सुपरहिरोचा सिनेमा लावू का?"

"लहान पोट्ट्यांचा?" कुणीतरी नाक मुरडलं. आमच्यातल्या बहुतेकींना सुपरहिरो माहीत तो एकच, 1987 सालचा मिस्टर इंडिया. मनगटातलं यंत्र दाबलं की अनिल कपूर दिसेनासा व्हायचा. त्यावर एक काकू म्हणाल्या, "दिसेनासं व्हायला यंत्र कायले पाहिजे? आमी घरात तशाच फिरतो." सगळ्या हसल्या आणि हसता हसता सिनेमा सुरू झाला.

सिनेमा होता 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला, 28 फेब्रुवारी 2025 ला चित्रपटगृहांत लागलेला. यातला सुपरमॅन अमेरिकेचा नाही, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा आहे, आणि गोष्ट मुळात खरी आहे. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं गाव. तिथं नासिर शेख नावाच्या माणसानं मित्रांना गोळा करून गावातच सिनेमे काढले. आधी मालेगावचा 'शोले', नंतर मालेगावचा 'सुपरमॅन'. नट सगळे गावातलेच. सुपरमॅन झाला शफीक नावाचा यंत्रमागावर काम करणारा एक काटकुळा मुलगा. तो सिनेमा कसा तयार झाला यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो आपल्याकडे चित्रपटगृहांत आला 2012 मध्ये. तोवर शफीक राहिला नव्हता. 2011 मध्ये कर्करोगानं तो गेला.

हे शेवटचं आम्हाला सिनेमा सुरू करताना माहीत नव्हतं. आम्ही हसायलाच बसलो होतो.

आणि हसलोही भरपूर. पडद्यावर कुणीही आलं की आमच्या बायका त्याची ओळख काढतात. लेखक फरोगचं काम करणारे विनीत कुमार सिंह दिसले आणि एकच गलका, "अवो, हा तर छावातला कवी कलश!" 'छावा' दोनच आठवडे आधी लागला होता, आणि आमच्यातल्या निम्म्या जणी घरच्यांसोबत तो बघून रडून आल्या होत्या. इथं तोच माणूस साध्या शर्टात, खिशाला पेन लावून, लेखकाला मान मिळावा म्हणून भांडतो. एक ताई म्हणाली, "तिथं राजासाठी मेला, इथं रोज थोडा थोडा मरते." मी बीए झालेली असले तरी मला हे सुचलं नसतं.

नासिरवर मात्र सगळ्या चिडल्या. आदर्श गौरवनं तो इतका खरा केलाय की राग येतोच. पैसा आणि नाव आलं, तसे त्याचे मित्र तुटत गेले. "गटात बी असंच होते," आमच्या अध्यक्षा म्हणाल्या. "पयले हजार रुपये येईपर्यंत सगळ्या बहिणी, त्याच्या पुढं हिशेब." नासिरच्या बायकोचं, शबीनाचं काम मुस्कान जाफरीनं केलंय. तिच्यासाठी अजून दोन-चार प्रसंग हवे होते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि बाहेरून येणारी नायिका, तृप्ती, म्हणजे आपली मराठी मंजिरी पुपाला आहे हे कळल्यावर तिला वेगळ्या टाळ्या पडल्या.

पण मैत्रिणींनो, खोली जिंकली ती शफीकनं. त्याचं काम शशांक अरोरा या नटानं केलंय. तो बोलतो कमी. सगळ्यांच्या मागं उभा राहतो, कामाला पहिला हजर, आणि आपल्यालाही कधी हीरो व्हायचंय हे लाजत सांगतो. अशी मुलं आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. गणपतीचा मंडप बांधायला पुढं, फोटोत मात्र कडेला. म्हणून त्याला सुपरमॅनचे कपडे चढवले तेव्हा आम्हाला हसू आलं आणि मायाही आली. खऱ्या शफीकच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबत होती. उडायचं म्हणजे काय, तर मागं हिरवा पडदा, पोराला आडवं धरायचं, आणि नंतर कॉम्प्युटरवर मागं आभाळ लावायचं. हे कळल्यावर एका मावशीनं विचारलं, "म्हणजे आपल्याले बी उडवता येते?"

मग सिनेमात कर्करोग हा शब्द आला.

मी सिनेमाकडं पाहायचं सोडून बायकांकडं पाहिलं. तीन-चार जणींचा हात आपोआप गालाकडं गेला होता. दुसऱ्या गावात कर्करोग म्हटल्यावर काय आठवत असेल ते मला माहीत नाही. आपल्या विदर्भात पहिलं तोंड आठवतं, कारण आपल्याकडं खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि दिवसभर गालात धरून ठेवायचा.

शेवटच्या अर्ध्या तासात कूलरच्या घरघरीत आवाज ऐकू येईना, तर कुणीतरी उठून कूलर बंद केला. मे महिन्यात, सतरा बायका एका खोलीत, घामानं निथळत, आणि एकीनंही तक्रार केली नाही. सिनेमात आजारी शफीकला हीरो करण्यासाठी तुटलेले मित्र परत एकत्र येतात. खऱ्या आयुष्यात सगळं अगदी तसंच घडलं असं नाही, सिनेमानं आपल्या सोयीनं जुळवलंय. पण पडद्यावर उडणाऱ्या स्वतःला तो पाहतो, ती शशांक अरोराची नजर आम्ही कुणीच विसरणार नाही. अंग झिजलेलं, आणि डोळे पहिल्यांदा भरून पावलेले.

संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक ताई म्हणाली, "माह्या भाऊ असाच बारीक झालता." एवढंच. तिचा भाऊ गेल्याला तीन वर्षं झाली. रोज दहा-बारा पुड्या खायचा. गटात ती येते, हसते, हप्ता भरते, पण भावाबद्दल इतक्या दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. आधी तोंड उघडेना, मग तिखट लागेना, मग पोळी दुधात कुस्करून द्यावी लागली, असं सगळं क्रमानं बोलली.

आणि मग आमच्यातल्या एका मावशीनं विचारलं, "मंग आपण ठेल्यासाठी कर्ज काहून दिलं?"

आता वही आली बघा.

आमच्या गटातल्या एका ताईला आम्ही पंधरा हजारांचं कर्ज दिलं होतं. इतिवृत्तात कारण लिहिलंय, 'किरकोळ दुकान'. अक्षर माझं आहे. ते दुकान म्हणजे पानठेला आहे आणि तिथं सगळ्यात जास्त खर्राच खपतो, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आपल्या राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पुढं त्या बंदीत सुगंधित तंबाखू, मावा आणि खर्राही आले. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणं हा तर देशभर गुन्हा आहे. हे सगळं मी प्रशिक्षणात शिकले आणि तरी 'किरकोळ दुकान' लिहिलं, कारण ती ताई हप्ता कधी चुकवत नाही.

ती ताई तिथंच बसली होती. रडून तिचेही डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, "मी नाही विकला तर पोट्टे पलीकडच्या ठेल्यावरून घेतीन. माह्या दोन लेकरांची फी कोण भरन? तुमी?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. तिचा नवरा काम करू शकत नाही, घर तिच्यावर चालतं. सिनेमात खलनायक कोण ते लगेच कळतं. इथं पुड्या विकणारी आमचीच बहीण होती आणि तिच्या कर्जाच्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या होत्या.

त्या दिवशी आम्ही भांडलो नाही, पण निरोप न घेता पांगलो.

पुढच्या बैठकीत ती येईल की नाही, अशी मला धास्ती होती. ती आली. सोबत ठेल्याच्या रोजच्या विक्रीचा हिशेब घेऊन आली. आम्ही तो मोठ्यानं वाचला. मग ठरवलं ते असं. तंबाखूच्या धंद्याला गट यापुढं कर्ज देणार नाही. इतिवृत्तात कर्जाचं कारण खरं लिहायचं. आणि तिला धंदा बदलायचा असेल तर तीन महिने मुद्दलाचा हप्ता थांबवायचा, फक्त व्याज घ्यायचं. तिनं ठेल्यावर सकाळी तर्री पोहे सुरू केले. दोघी जणी पहाटे कांदे चिरायला जातात. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. संध्याकाळी तिथं अजून पुड्या विकल्या जातात, कमी झाल्या तरी आहेतच. पण शाळेच्या मुलांना ती देत नाही, हे मी स्वतः उभं राहून पाहिलंय.

अजून एक झालं. खर्रा फक्त पुरुषच खातात असं आपण म्हणतो. त्याच बैठकीत एका काकूंनी पदराआडची पुडी काढून समोर ठेवली. आम्ही सगळ्यांनी आपापलं तोंड तपासून बघितलं. तुम्हीही आता, रेडिओ ऐकता ऐकता बघा. आपल्याच हाताची तीन बोटं जुळवून उभी धरा आणि तोंडात समोरच्या दातांमध्ये घाला. तीन सहज गेली पाहिजेत. काकूंची दोन गेली, तीही ओढूनताणून. आम्ही त्यांना शासकीय दंत रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की गालाची आतली कातडी ताठर झाली आहे. हा कर्करोग नाही, पण त्याच वाटेवरचं गाव आहे. हे नुसत्या सुपारीनंही होतं, तंबाखू नसली तरी होतं. म्हणून "मी तंबाखू कुठं खाते, साधी सुपारी खाते" असं स्वतःला सांगू नका. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तिखट सोसेना, की दवाखान्यात जायचं. सोडायचं असेल आणि जमत नसेल, तर 1800-112-356 हा सरकारचा मोफत फोन आहे. तिथं माणसं बोलतात, रागवत नाहीत.

काकूंनी सोडलाय का? बावीस दिवस झाले. मधे एकदा खाल्ला, आणि बैठकीत येऊन स्वतःच सांगितलं.

सिनेमा बघून बायका रडतात आणि विसरतात, असं माझ्या घरचेही म्हणतात. मी काही भांडत नाही. फक्त आमच्या इतिवृत्ताचं एक पान त्यांना दाखवावंसं वाटतं. त्यावर त्या ताईनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'कर्जाचे कारण : पोह्यांसाठी गॅस शेगडी व पातेले.'

पुढच्या वेळी भेटू. तोवर तीन बोटांचं विसरू नका, आणि घरातल्या काटकुळ्या सुपरमॅनचंही तोंड उघडून बघा. नमस्कार.