नागीण गेली, पण आग राहिली

कुणी शेंगा फोडत असाल, कुणी धान्य निवडत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही नागिणीबद्दल बोलणार आहोत. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड उठतात, ती नागीण. दोन ते चार आठवड्यांत फोड सुकतात, खपल्या पडतात. घरचे म्हणतात, "झालं, बरी झालीस." पण काहींची आग तिथंच राहते. पदर घासला तरी चटका बसतो. रात्री कूस बदलता येत नाही. वरून काहीच दिसत नाही, म्हणून मग ऐकावं लागतं, "कामाला नको म्हणून सोंग घेतेय."

मैत्रिणींनो, हे सोंग नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी तो निजून राहतो. वय वाढलं, अंगातली ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड पट्ट्यासारखे दिसतात. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती मनातून काढून टाका. तसं काही नसतं.

फोड बरे होतात, पण आतली नस दुखावलेली राहू शकते. अशी नस काही लागलेलं नसतानाही मेंदूला दुखल्याचा निरोप पाठवत राहते. तीन महिन्यांनंतरही दुखणं टिकलं, तर डॉक्टर त्याला नागिणीनंतरचं नसांचं दुखणं म्हणतात. साठीच्या पुढच्या बायकांना त्याचा धोका जास्त.

आता आमची बाई काय करते? दुखऱ्या बाजूला जपते. छातीवर नागीण झाली असेल तर हात अंगाशी धरून ठेवते, वाकून चालते, खोल श्वास घेत नाही. महिना-दोन महिन्यांत खांदा आखडतो. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. एका दुखण्याची दोन दुखणी होतात. इथं फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामोपचार, उपयोगी पडतो.

फिजिओथेरपिस्ट आधी तपासतात आणि मग व्यायाम शिकवतात. भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर नेणं, खांदे मागे फिरवणं, नाकानं सावकाश खोल श्वास घेणं, रोज थोडं थोडं वाढवत चालणं, असे ते व्यायाम असतात. दुसरी गोष्ट म्हणजे कातडीला स्पर्शाची सवय लावणं. खपल्या पडून कातडी पूर्ण भरल्यावर दुखऱ्या भागाच्या कडेला कापूस अलगद फिरवायचा. तो सोसू लागला की जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा, मग पंचा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. चटका वाढला तर थांबायचं. हा स्पर्श धोक्याचा नाही, हे नसेला आणि मेंदूला हळूहळू शिकवायचं असतं. तिसरा उपाय टेन्स नावाच्या छोट्या यंत्राचा. त्याच्या हलक्या विजेच्या मुंग्यांनी काहींना आराम पडतो. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर आहे, त्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

खरं सांगायचं तर व्यायामानं आग एका दिवसात विझत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या नसांच्या गोळ्याही लागतात. त्या मनानं बंद करू नका. त्यांनी गुंगी येते, म्हणून रात्री उठताना आधाराला धरून उठा.

काही गोष्टी टाळा. दुखरा भाग बधिर असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका, भाजलेलं कळत नाही. फोडांवर काव, चुना, राख लावू नका, जखम चिघळते. फोड ओले असताना तान्ह्या बाळापासून आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईपासून लांब राहा, त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या, तर आजार हलका जातो. म्हणून नागीण उतरवून घेण्यात तीन दिवस घालवू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. फोड कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, नजरेचा प्रश्न असतो. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता आपल्या देशात मिळते. ती महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून ठेवा.

आम्हाला ठाऊक आहे, जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस मोडतो, रोजगार बुडतो. म्हणून आधी आशाताईंना विचारा, फिजिओथेरपी जवळ कुठं आणि कोणत्या वारी मिळते. पहिल्या खेपेलाच घरी करायचे व्यायाम नीट शिकून घ्या, म्हणजे हेलपाटे कमी होतील. सोबत सुनेला किंवा लेकीला न्या. तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की सोंगाचा शब्द घरात पुन्हा निघणार नाही.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटातल्या थोरल्या बायकांना एवढं विचारा, "मावशी, नागीण होऊन गेल्यावर अजून आग होते का?" विचारणारं कुणी भेटलं नाही, म्हणून कितीतरी जणी गप्प बसल्या आहेत. त्यांना बोलतं करू या.