चुकलेल्या ठोक्याचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने हृदयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. शाळाही फारशी पाहिली नाही. पण हजेरीपट वाचण्यात आमची हयात गेली, आणि आजचा विषयही एका हजेरीचाच आहे.

छातीत एकाएकी धक्का बसतो, नाडीवर बोट ठेवावे तर एक ठोका गायब! माणूस घाबरतो. ही भीती जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेने थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. वस्तुतः तो ठोका बहुधा गायब नसतो. वेळेआधीच पडून गेलेला असतो. ठोक्याचा इशारा देणारे केंद्र उजव्या कर्णिकेत वरच्या अंगाला असते. कधी कधी खालच्या जवनिकेतील काही पेशी त्या इशाऱ्याची वाट न पाहता मध्येच हुकूम सोडतात. त्या वेळी हृदयात रक्त पुरते भरलेले नसते, म्हणून त्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. मागून क्षणभर विसावा मिळतो, रक्त अधिक भरते आणि पुढचा ठोका जोराने बसतो. धक्का जाणवतो तो याचा.

असे ठोके धडधाकट माणसालाही पडतात. जागरण, दारू, तंबाखू, रक्तातील पोटॅशियमची कमतरता यांनी ते वाढू शकतात. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा पिकाला पाणी देणाऱ्यांना जागरण म्हणजे काय हे आम्ही काय सांगावे!

एका कारखान्यात ईसीजीच्या पट्टीवर असे दोन ठोके दिसले, तेवढ्यावरून एका तरुणाला ‘अयोग्य’ ठरवून घरी बसवले. ती पट्टी अवघ्या दहा-बारा सेकंदांची! तेवढ्या हजेरीवर कोणी महिन्याचा पगार ठरवतो काय? आम्ही चोवीस तासांची नोंद मागितली. हे काम होल्टर नावाचे यंत्र करते. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते, पाठीवर वाहावे लागे. आज ते खिशात मावते. त्या तरुणाच्या लाखभर ठोक्यांत अवेळी ठोके चारशे निघाले, इको तपासणीत हृदयही निर्दोष. तो कामावर परतला.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. हे प्रमाण शेकडा दहाच्या पुढे, म्हणजे दिवसाला दहा हजारांवर गेले, की डॉक्टर सावध होतात. वीसच्या पुढे हृदयाचा स्नायू थकण्याचा धोका बराच वाढतो. काहींना तोवर काहीच जाणवत नाही. वेळीच औषध किंवा अॅब्लेशन केले तर तो स्नायू पुष्कळदा सावरतो. मात्र ठोके दाबणे म्हणजे रोगी वाचवणे नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ठोके दाबणारी औषधे दिली, तेव्हा ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत १९८९ साली दिसून आले. दुसऱ्याची गोळी मागून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घरी नाडी मोजायची ती पुरा एक मिनिट. एकाआड एक ठोका अवेळी पडत असेल, तर हृदय बहात्तर वेळा चालूनही बोटाला छत्तीसच लागतात. रक्तदाबाचे यंत्रही असेच फसते. वेळ, जागरण, चहा, श्रम वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. पण शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असून ठोके चुकू लागले, तर वहीच्या भरवशावर राहू नये. पहिल्या तिहींत तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.